आजोबांना लढाई विचारू नका, पेटी उघडायला सांगा

प्रश्न असा आहे: "माझे आजोबा तासगाव तालुक्यातले. मराठा पलटणीत होते आणि १९७१ च्या लढाईत होते, एवढंच घरात माहीत आहे. आता वय ७८. काही विचारलं की 'झालं ते झालं, त्यात काय सांगायचं' म्हणत उठून गोठ्याकडे जातात. त्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्या आहेत. कशा काढून घ्यायच्या?"

ताई, गोठ्याकडे जातात हे वाचून हसू आलं. मीही गोठ्याकडेच जायचो.

मी पाटण तालुक्यातला, मोरणेच्या खोऱ्यातला. १९६८ ला बेळगावच्या मराठा सेंटरला भरती झालो, १९९० ला हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. तेव्हापासून आमच्या भागातल्या माजी सैनिकांचे आणि त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांचे कागद भरून देतो. पगार नाही, चहा मिळतो. अर्ज भरायचा म्हणजे विचारावंच लागतं: कुठली पलटण, कुठल्या साली कुठं, हाताला लागलं ते कधी. असं विचारता विचारता शेकडो माणसांनी मला जे सांगितलं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. म्हणून या कामातलं थोडं कळतं असं म्हणायचं धाडस करतो.

तुमची चूक एवढीच, की तुम्ही लढाई विचारताय. साध्या जवानाला लढाई दिसतच नाही. त्याला त्याच्या मोर्चासमोरचा, म्हणजे खंदकासमोरचा, ४०-५० पावलांचा तुकडा दिसतो, तोही रात्री. बाकीचं त्याला नंतर इतरांकडून कळतं.

माझंच सांगतो. मी जंगी पलटणीत होतो, म्हणजे पहिली मराठा, १७६८ ला उभी राहिलेली. डिसेंबर १९७१ मध्ये आमची ब्रिगेड गारो टेकड्यांच्या पायथ्याच्या महेंद्रगंजकडून खाली, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात म्हणजे आताच्या बांगलादेशात, उतरली. कमालपूरची चौकी ४ तारखेला पडली. पुढं बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रा ओलांडून आम्ही जमालपूरच्या पाठीमागं गेलो आणि तिथून दक्षिणेला जाणारी वाट अडवून बसलो. आमच्या ब्रिगेडियर साहेबांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली आणि त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. शाळेत भाषणाला बोलावलं की पोरं हीच गोष्ट मागतात. मला ती कळली कधी? सगळं संपल्यावर, लंगरच्या रांगेत, हातात ताट धरून. ज्या दिवशी ती चिठ्ठी गेली त्या दिवशी मी पाय सुकवायच्या खटपटीत होतो.

पाय. माझी लढाई म्हणजे पाय. नदी ओलांडताना बूट भिजले ते नंतर ३ दिवस वाळलेच नाहीत. थंडी, पहाटेचं धुकं, आणि बूट काढायचा हुकूम नाही. चौथ्या दिवशी मोजा ओढला तर त्याच्याबरोबर टाचेची कातडी आली. दुखलं नाही, हे जास्त भीतीचं होतं. अजूनही आषाढात खाचरात उतरलो की त्याच जागी चिरा पडतात, आणि मग घरातली कुणी विचारलं तर मी नदीबद्दल बोलायला लागतो. 'लढाई सांगा' म्हटलं असतं तर बोललो नसतो.

आता ती रात्र सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

भात कापून झालेलं रान होतं, अगदी आमच्या खोऱ्यातल्यासारखं. बुडखे तसेच, मातीला वासही तोच. मोर्चा खोदताना बेल्चा असा बसत होता की मला घरी बांध घालतोय असं वाटलं. आमचे प्लाटूनचे साहेब म्हणाले, गणपत, शेती नको करू, खोल खोद. १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरमधली फौज आमची अडवणूक फोडून बाहेर पडायला निघाली. अंधारात आधी त्यांच्या पायांचा आवाज आला, मग ओरडणं, मग सगळंच एकदम. त्यांना मोकळं रान हवं होतं आणि मधे आम्ही होतो. एकदा येऊन मागं गेले, परत आले, परत गेले. एलएमजीवाल्याला, म्हणजे हलक्या मशीनगनवाल्याला, मॅगझिन भरून देणं हे माझं काम. मी मॅगझिन भरत होतो. समोर कमी आणि हाताकडे जास्त बघत होतो, कारण बोटं वळत नव्हती.

पहाटेच्या सुमाराला जवळच तोफेचा गोळा पडला आणि जमीन हलली. आणि ताई, तेवढी एकच वेळ मी त्या रात्री खरा घाबरलो. ११ डिसेंबर. बरोबर ४ वर्षांपूर्वी, ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला होता. आमच्या घराची मागची भिंत गाईवर पडली होती आणि आईनं मला दंडाला धरून अंगणात ओढलं होतं. मोर्चात जमीन हलली तसा मी उठून उभा राहायला लागलो. घराबाहेर पळायचं, एवढंच डोक्यात. शेजारच्यानं पट्ट्याला धरून खाली खेचलं. शत्रूच्या गोळीनं नव्हे तर कोयनेनं मेलो असतो.

आमच्या खोऱ्यात ११ डिसेंबरला लोक भूकंपाची आठवण काढतात. मी पण काढतो. कुणाला कळत नाही मी कुठल्या ११ डिसेंबरची काढतोय.

पुढं पुंगलीच्या पुलाजवळ आमची गाठ हवेतून छत्रीनं उतरलेल्या दुसऱ्या पॅरा पलटणीशी पडली, आणि गंमत म्हणजे तीही मूळची तिसरी मराठाच. परक्या मुलखात, छत्री बांधलेला माणूस साताऱ्याच्या बोलीत तंबाखू मागतो, हे काय असतं ते सांगून कळायचं नाही. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्याबद्दल बोलण्यासारखं माझ्याकडं काही नाही. मला झोप आली होती.

हे सगळं मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल? बायकोला नाही, वडिलांना नाही. थोरल्या बहिणीला. ती माणात दिलेली, दहिवडीच्या बाजूला. १९७३ च्या उन्हाळ्यात मी २ महिन्यांच्या सुट्टीवर आलो तेव्हा ७२ चा दुष्काळ ऐन भरात होता. तिला भेटायला गेलो तर ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती. डोक्यावर फडकं, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, शेजारी फडक्यात बांधलेली सुकडी पोरांसाठी राखून ठेवलेली. घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी. मला बघून ती रडली नाही, मान खाली घालून हातोडी चालवत राहिली आणि विचारलं, "लढाईत पोटाला काय देत हुते रं?"

तिला किती मेले हे नको होतं, जिंकल्याचं कौतुक नको होतं. भुकेल्या माणसानं भुकेचा प्रश्न विचारला. मी सांगायला लागलो: शक्करपारे आणि पुऱ्या पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, घालून दिलेल्या, नदीत भिजून त्यांचा लगदा झाला, तो लगदा आम्ही बोटांनी खाल्ला. मग लगदा का झाला ते सांगताना नदी आली, नदीनंतर पाय आले, पायानंतर मोर्चा, मोर्चानंतर रात्र. संध्याकाळी खडीचं माप घ्यायला मुकादम आला तरी आमचं चालूच होतं.

तेव्हापासून मला हे कळलं, आणि पुढं अर्ज भरताना हेच वापरत आलो. पोटाचं विचारा. अंगाचं विचारा. रात्री पांघरायला काय होतं, पाणी कुठलं प्यायचे, दाढी कशानं करायचे, पत्र कोण लिहून द्यायचं, आजारी पडल्यावर कुणी पाठीवर घेतलं. यातला कुठला प्रश्न कुलूप उघडेल हे आधी सांगता येत नाही. वाठारच्या बाजूच्या एका तोफखान्यातल्या काकांना मी सहज विचारलं, कानाला कधीपासून ऐकू येत नाही? त्यावर २ तास बोलले.

एक प्रश्न मात्र कधीही विचारू नका, नातवंडांनाही सांगून ठेवा: "तुम्ही किती मारले?" माझ्या नातवानं विचारला होता. त्याची चूक नाही, मोबाइलवर तेच खेळतो. मी त्याला म्हशीला पाणी दाखवायला पाठवलं.

आणि गप्प बसण्यामागं नुसता संकोच असतो असं समजू नका. त्या रात्री ज्यानं मला पट्ट्याला धरून खाली खेचलं, तो सकाळपर्यंत राहिला नाही. कोरेगाव तालुक्यातला होता. पहिल्या सुट्टीत त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं माझ्यासमोर पितळीत गूळ-शेंगा ठेवल्या आणि विचारलं, लेकाला तरास झाला का? मी म्हणालो, नाही आई, लगेच गेला. ते खरं नव्हतं. एकदा असं सांगून बसलं की माणसाला ती रात्र पुन्हा कुठंच सांगता येत नाही. कुठं काय बोललो ते लक्षात ठेवावं लागतं. ती माउली जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून इथं लिहितोय. तुमच्या आजोबांचीही अशी एखादी गोष्ट असेल तर ती त्यांना ठेवू द्या. वहीत एक पान कोरं राहिलं तर राहू द्या.

आता कामाचं. घरात कुठंतरी काळी पत्र्याची पेटी असेल, वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा आणि नाव घातलेली. ती उघडायचं निमित्त काढा. कागद शोधायचेत म्हणा, जे खरंही आहे. आत डिस्चार्ज बुक असेल. त्यात भरतीची आणि सुटकेची तारीख, हुद्दे, मेडलं, सगळं असतं. पुष्कळ म्हातारे ६५ आणि ७१ ची सरमिसळ करतात. त्यांना तोंडावर चूक दाखवू नका, पदकं बघा. समर सेवा स्टार असेल तर ६५ ची लढाई. ७१ चं असेल तर पूर्वी स्टार म्हणजे बंगालची बाजू, पश्चिमी स्टार म्हणजे पंजाब, राजस्थान, काश्मीर ती बाजू, सोबत बहुधा संग्राम मेडल. पदकाच्या कडेला किंवा मागं नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते भिंगातून वाचा. जुनी पत्रं असली तर त्यावरचा पत्ताही बोलतो: ९९ ए.पी.ओ. (म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) असेल तर माणूस पूर्वेला होता, ५६ असेल तर बाकीकडं.

पेटीत पणजोबांचंही काही निघेल कदाचित. आपल्या भागात हे नेहमी होतं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर गावाच्या नावापुढंच मिलिटरी लागलंय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत. आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार अशी पदकं दिसली तर ती दुसऱ्या महायुद्धाची, आजोबांची नव्हेत. कुणाची ते आजोबांनाच विचारा. स्वतःबद्दल न बोलणारा माणूस बापाबद्दल बोलतो, आणि बोलता बोलता स्वतःवर येतो.

दुसरा उपाय मातीचा. आम्हाला फौजेत हल्ल्याआधी जमिनीवर सँड मॉडेल करून दाखवत. मातीचा डोंगर, चुन्याची किंवा पिठाची रेघ म्हणजे रस्ता, निळा दोरा म्हणजे नदी, काडेपेटी म्हणजे शत्रूची चौकी. ही सवय हातातून जात नाही. अंगणात बसून नुसतं विचारा, तुम्ही कुठं होता आणि नदी कुठल्या अंगाला होती? कागद-पेन देऊ नका, पुष्कळांना संकोच वाटतो. माती आणि चार खडे पुढं असले की माणूस आपोआप उकिडवा बसतो. एका नाईकानं माझ्या ओसरीवर शेंगांच्या टरफलांचं अख्खं रेल्वे स्टेशन उभं केलं होतं. झाल्यावर फोटो काढून ठेवा, पण आधी विचारून. आणि लपवून रेकॉर्डिंग करू नका. कळल्यावर माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, असं एका घरात झालेलं मी पाहिलंय.

तिसरा उपाय सगळ्यात सोपा: दुसरा म्हातारा आणा. कराडला दरवर्षी डिसेंबरात विजय दिवसाचा सोहळा असतो, तासगावाहून लांब नाही. आजोबांना घेऊन जा आणि तुम्ही चार पावलं मागं राहा. दोघं फौजी भेटले की पहिला प्रश्न 'कुठली पलटण', दुसरा 'कुठल्या साली', तिसऱ्याला भांडण. त्या भांडणात जे निघतं ते तुमच्या १० प्रश्नांत निघणार नाही.

आणि लढाईवरच थांबू नका. माझी लढाई १५ दिवसांची, नोकरी २२ वर्षांची आणि त्यानंतरचं आयुष्य आज ३५ वर्षांचं. या ३५ वर्षांबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही. चाळिशीत गणवेश उतरला तेव्हा मला दुसरं काही येत नव्हतं. एका पतपेढीच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलो. चोवीस वर्षांचा मॅनेजर गाडीतून उतरला की सलाम ठोकायचा. सलामाचं वाईट वाटलं नाही. तो बघायचाच नाही, त्याचं वाटलं. ८ महिन्यांत सोडलं. घरी आलो तर तिथं माझी जागा नव्हती. २२ वर्षं बायकोनं शेत, सासू-सासरे, दोन पोरं, सोसायटीचं कर्ज एकटीनं ओढलेलं. मी आल्या आल्या हुकूम द्यायला लागलो, हा बांध इथं नको, गोठा तिकडं हलवा. तिनं ४ दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी सांगितलं, "पलटणीत तुमी हवालदार. हितं सुभेदार मी हाय." तेव्हापासून ते तसंच आहे. तुमच्या आजोबांचंही असं काही असेल. रिटायर झाल्यावरचा पहिला पावसाळा कसा गेला, एवढंच विचारून बघा.

वही-पेन घेऊन बसलाच आहात तर कागदही तपासा, कारण आठवणी राहतील पण कागद चुकला तर आजीला त्रास होईल. पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, आजीचं नाव काय आहे ते बघा. आमच्याकडं निम्म्या घरांत पलटणीच्या कागदावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि बँकेत तिसरंच असतं. आजोबा हयात आहेत तोवर त्यांच्या सहीनं हे दुरुस्त होतं. नंतर त्या बाईला मीच ती हे सिद्ध करत फिरावं लागतं. एका आजींना एका कार्यालयानं सव्वा वर्ष फिरवलं, नावातल्या एका 'बाई'साठी. दुरुस्तीचा अर्ज त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, मराठा रेजिमेंटचं बेळगावला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लिहून घ्यायला मदत मिळते. दोघांच्याही जन्मतारखा तपासा. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते आणि आजोबांना त्याला आता दोनच वर्षं राहिलीत. तारीख चुकीची असेल तर ती वाढही चुकते. 'वन रँक वन पेन्शन', म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारखी पेन्शन, १ जुलै २०१४ पासून लागू झालं, त्याचा फरक मिळाला का, तेही बँकेच्या पुस्तकात बघून घ्या. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मात्र विसरू नका.

शेवटी आजीकडं या. सगळे म्हाताऱ्याभोवती बसतात आणि ती आतून चहा पाठवत राहते. ७१ च्या डिसेंबरात तीही कुठंतरी होतीच. माझी बायको तेव्हा १८ वर्षांची. पोस्टमन गल्लीत दिसला की ती पाण्याची घागर घेऊन मागच्या दारानं बाहेर पडायची, म्हणजे तार आली असेल तर निदान दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पडेल. हे तिनं मला सांगितलं २००९ साली, शेंगा फोडताना, सहज. आजीला विचारताना आजोबा घरात नसलेले बरे. पहिलं हे विचारा: मनिऑर्डर आली की सही कोण करायचं, आणि पत्र कुणाकडून वाचून घ्यायचा?